टर्बो हॅचबॅकचं इंजिन बदलताना: तेल जिथे जिथे गेलं तिथे तिथे

गाडी आठ वर्षांची, दुसऱ्या मालकाकडची. १.४ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये), टायमिंग चेन, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. मीटरवर एक लाख दहा हजार किलोमीटरच्या आसपास. मालकीणबाईंनी ती वापरलेली म्हणून घेतली होती आणि सर्व्हिस पुस्तकात मधली दोन-अडीच वर्षं कोरी होती. बॉडी मात्र सरळ, गंज नाही, गिअरबॉक्स गुळगुळीत.

तक्रारीची सुरुवात साधी होती. इंजिन चांगलं तापलं आणि गाडी सिग्नलला उभी राहिली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की विझायचा. "दादा, दिवा विझत होता, म्हणून मला वाटलं सेन्सरच खराब असेल," असं त्या म्हणाल्या. असं वाटणं स्वाभाविक आहे. पण बहुतेक गाड्यांत हा दिवा तेलाचा दाब अर्ध्या बारच्या आसपास उतरल्यावरच पेटतो. तो सावध करणारा दिवा नाही. तो पेटला याचा अर्थ बेअरिंगांवरची तेलाची फिल्म जवळपास गेलेली आहे. गरम इंजिनावर तो एकदा जरी लुकलुकला तरी गाडी तिथेच बंद करावी, हे मी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

पुढे एका लांब चढावर खालून ठकठक सुरू झाली, ताकद गेली, आणि गाडी टोचन करून आमच्याकडे आली.

ठोका कुठला

असं इंजिन तपासायला फार वेळ चालवायचं नसतं. रॉडचं बेअरिंग गेलेलं असेल तर एखाद्या मिनिटात कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) ब्लॉकमधून बाहेर येऊ शकतो. म्हणून आधी दाबाच्या स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावलं आणि मगच थंड इंजिन सुरू केलं. थंड तेल जाड असतं, त्यामुळे आयडलला (पाय न देता चालू इंजिनावर) तीन-चार बार सहज दिसायला हवेत. इथे काटा १.२ वर गेला आणि तिथून खाली सरकू लागला.

आवाज क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक असा पडत होता. व्हॉल्व्हच्या बाजूचा आवाज दोन फेऱ्यांत एकदा येतो, कारण व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरते. कान सरावला की एवढ्यावरूनच हेड आणि खालची बाजू वेगळी करता येते. मग स्कॅनरवरून एकेक इंजेक्टर बंद करत गेलो. तिसरा बंद केल्यावर ठोका एकदम मऊ झाला. त्या सिलिंडरमध्ये स्फोट होत नसेल तर रॉडवर दाब येत नाही, आणि बेअरिंगमधली वाढलेली फट वाजत नाही. कॉइल काढूनही हीच चाचणी होते, पण मग न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागात, जातं. इंजेक्टर बंद करणं बरं.

कॉम्प्रेशन घेतलं: १२.४, १२.६, १२.१, १२.५ बार. म्हणजे उत्तम. इथे अनेकांची दिशाभूल होते. कॉम्प्रेशन चांगलं असेल तर इंजिन चांगलं, असा समज आहे, पण कॉम्प्रेशन फक्त रिंग, व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट यांच्याबद्दल सांगतं. क्रँकच्या बेअरिंगांबद्दल ते एक अक्षर सांगत नाही. वापरलेली गाडी घेताना कुणी कॉम्प्रेशनचा कागद दाखवला तर तो बघा, पण सोबत गरम इंजिनावरचा तेलाचा दाबही मोजून मागा. या गाडीच्या खरेदीच्या वेळी तो मोजला असता तर तेव्हाच आकडा कमी दिसला असता, असं पुढे चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारं भांडं, उघडल्यावर आमच्या लक्षात आलं.

ऑइल फिल्टर कापला. कागदाच्या घड्या उलगडून उजेडात धरल्या तर सगळीकडे चंदेरी पापुद्रे. त्यातले थोडे चुंबकाला चिकटले, बरेचसे चिकटले नाहीत. चिकटणारं ते पोलाद, म्हणजे क्रँक किंवा रॉड. न चिकटणारं ते बेअरिंगच्या चकतीवरचं (दोन अर्धगोल पाळ्यांपैकी एकीवरचं) अस्तर.

चेंबर उघडल्यावर

निदान इथे संपत नाही, इथून सुरू होतं. तिसऱ्या रॉडचं बेअरिंग गेलं हे कळलं, पण का गेलं हे कळल्याशिवाय नवं इंजिन बसवणं म्हणजे तेही त्याच वाटेने पाठवणं आहे. दुर्दैवाने इंजिन बदलण्याच्या कामात हीच पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. जुनं इंजिन भंगारात जातं आणि त्याच्याबरोबर कारणही जातं.

चेंबर खालून बघितला तेव्हाच दोन गोष्टी दिसल्या. पुढच्या भागात एक जुना, रुंद पोचा होता, दगडावर किंवा उंचवट्यावर आपटल्याचा. आणि चेंबरच्या कडेने लावलेला सीलंट कारखान्यातल्यापेक्षा वेगळ्या रंगाचा, शिवाय भरपूर. बाहेर जेवढा दिसतो तेवढाच आत दाबला गेलेला असतो. म्हणजे कुणीतरी चेंबर आधी उतरवून परत चढवला होता.

आत तेल काळं. स्ट्रेनरची जाळी, म्हणजे ज्या तोंडातून ऑइल पंप तेल ओढतो ती, अर्ध्याहून जास्त बंद. अडकलेल्या मालात दोन प्रकार होते: राखाडी सीलंटचे शेवयांसारखे तुकडे आणि कडक काळे कण. तुकडे कुठून आले ते उघड होतं. कण कुठून आले हे समजायला टर्बोकडे, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या यंत्राकडे, बघावं लागतं.

पेट्रोल टर्बोच्या टर्बाइनमधून जाणारा वायू पूर्ण ताकदीवर ९५० अंश सेल्सियसपर्यंत तापतो. त्याच दांड्यावर, काही सेंटिमीटर अंतरावर, तेलावर तरंगणारी बेअरिंगं असतात. जोरात चालवून गाडी लगेच बंद केली की तेलाचा प्रवाह थांबतो आणि टर्बाइनची उष्णता दांड्यातून मागे सरकते. अडकून पडलेलं तेल तिथेच जळून कोळसा होतो. पाण्याने थंड होणाऱ्या टर्बोंमध्ये हे पुष्कळ कमी होतं, पण तेल वेळेवर बदललं नाही तर होतंच. हा कोळसा तेल परत आणणाऱ्या नळीत साठतो, सुटतो आणि चेंबरमध्ये येऊन पडतो. त्यात ही गाडी बहुतेक छोट्या फेऱ्यांची. डायरेक्ट इंजेक्शनच्या थंड इंजिनात थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं, आणि तेल पुरेसं तापलं नाही तर ते उडून जात नाही. तेल पातळ होतं, फिल्म अशक्त होते.

तिसरी गोष्ट पोच्याची. स्ट्रेनरचं तोंड आणि चेंबरचा तळ यांत साधारण सहा ते दहा मिलिमीटर अंतर हवं. आम्ही तळावर मऊ मातीचा गोळा ठेवून चेंबर परत लावला, काढला आणि दबलेली माती मोजली. जेमतेम तीन मिलिमीटर. पंपाला दोन बाजूंनी कोंडलं होतं: जाळी बंद, आणि जाळीखालची वाट अरुंद.

मग बेअरिंगं. तिसऱ्या रॉडच्या चकत्या जागेवरून फिरून एकमेकींवर चढल्या होत्या. रॉडचं मोठं टोक निळं पडलेलं. क्रँकचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मायक्रोमीटरने मोजला तर ०.१८ मिलिमीटर झिजून अंडाकृती झालेला. जिथे तेलाची फटच सर्वसाधारणपणे ०.०२ ते ०.०६ मिलिमीटर असते तिथे हा आकडा प्रचंड आहे. रॉडची बेअरिंगं आधी मरतात याचंही कारण आहे. तेल आधी मुख्य बेअरिंगांना पोचतं आणि तिथून क्रँकमधल्या भोकांतून रॉडकडे जातं. दाब कमी पडला की रांगेतला शेवटचा उपाशी राहतो.

हाफ इंजिन, नवा ब्लॉक की वापरलेलं इंजिन

मालकीणबाईंचा पहिला प्रश्न रास्त होता: "एकच बेअरिंग गेलंय ना, मग पूर्ण इंजिन का?" जुन्या साध्या इंजिनात मीही हाफ इंजिन काम सुचवलं असतं. क्रँक लेथवर देऊन घासून घ्यायचा, जाड चकत्या घालायच्या, रॉड बदलायचा. इथे ते जमेना. या क्रँकच्या जर्नलांचा वरचा थर कठीण केलेला असतो आणि घासल्यावर घालायच्या जाड चकत्या उत्पादक देतच नाही. रॉडची टोपी करवतीने न कापता तडा देऊन वेगळी केलेली, म्हणून प्रत्येक टोपी आपल्याच रॉडवर बसते आणि मोठं टोक पुन्हा गोल करून घेण्याची जुनी पद्धत चालत नाही.

नवा शॉर्ट ब्लॉक (हेडशिवायचा इंजिनाचा खालचा भाग) घेऊन त्यावर जुनं हेड बसवणं हा मधला मार्ग वाटतो. पण हेडमध्ये कॅमशाफ्ट थेट ॲल्युमिनियमवर फिरतात, मधे चकत्या नसतात. तेच पापुद्रे तिथूनही गेलेले होते, आणि कॅमच्या टोप्या उघडल्यावर ओरखडे नखाला लागले. म्हणजे हेडही गेलं.

राहिले दोन पर्याय: कारखान्यातून पूर्ण नव्याने बांधलेलं इंजिन किंवा मोडीत निघालेल्या गाडीतलं चांगलं इंजिन. पहिल्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या फार जवळ जात होता. त्यांना गाडी अजून काही वर्षं ठेवायची होती, विकायची नव्हती, आणि बाकी गाडी त्या लायकीची होती. म्हणून वापरलेलं इंजिन, पण नीट तपासून, आणि तपासण्यावर व सुट्या भागांवर हात न आखडता, असं ठरलं. शेवटी झालेल्या एकूण खर्चात इंजिनाचा वाटा निम्म्याहून थोडा कमी होता. कुणी फक्त इंजिन आणि बसवण्याची मजुरी असा अंदाज दिला तर त्यात उरलेला अर्धा भाग कुठे आहे हे विचारावं.

दुसरं इंजिन निवडताना

मिळालेलं इंजिन मागून धडकलेल्या गाडीतलं होतं, साठ हजार किलोमीटर चाललेलं. मागची धडक हा मुद्दा महत्त्वाचा. पुढून धडकलेल्या गाडीत माउंट, पुली, चेनचं कव्हर, चेंबर यांना बसलेला मार बाहेरून दिसेलच असं नाही. शिवाय रेडिएटर फुटून इंजिन पाण्याविना काही काळ चाललेलं असू शकतं.

इंजिन गाडीबाहेर असल्यामुळे कॉम्प्रेशनपेक्षा लीक-डाउन चाचणी सोयीची. प्रत्येक सिलिंडरमध्ये ठरावीक दाबाने हवा भरायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. सहा ते नऊ टक्के आलं. दहाच्या आत चांगलं, विसाच्या पुढे मी हात लावत नाही. हवा कुठून गळते हेही ऐकायचं. ऑइलच्या झाकणातून आवाज आला तर रिंग, इनटेक किंवा एक्झॉस्टच्या तोंडातून आला तर त्या बाजूचे व्हॉल्व्ह, पाण्यात बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. बोअरस्कोपने (बारीक कॅमेऱ्याने) सिलिंडरच्या भिंतीवरच्या होनिंगच्या, म्हणजे कारखान्यातल्या घासकामाच्या, आडव्यातिडव्या रेघा स्पष्ट दिसल्या. मग चेंबर उतरवून स्ट्रेनर बघितला, स्वच्छ. एका रॉडची टोपी उघडून चकती बघितली, एकसारखी राखाडी. ती बंद करताना बोल्ट नवे घातले. हे बोल्ट आवळताना ताणले जातात, परत वापरायचे नसतात.

चेन साठ हजारांत खराब झालेली नव्हती, पण तिला ताणून धरणारा टेन्शनर अपेक्षेपेक्षा थोडा जास्त बाहेर आलेला होता. चेन, टेन्शनर आणि गाइड पूर्ण बदलले. स्टँडवर हे काम निवांत होतं. गाडीत बसवल्यावर त्याच कामासाठी इंजिन एका बाजूने लटकवावं लागतं. त्याच हिशोबाने पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, क्रँकचं मागचं सील आणि प्लग बदलले. इनटेक मॅनिफोल्ड निघालाच होता, तर व्हॉल्व्हवर जमलेला कार्बन अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीचा मारा करून काढला. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे तिथला कार्बन आपोआप धुतला जात नाही.

इंजिनाचा कोड दोन्हींचा एकच होता. पण कोड सारखा म्हणजे इंजिन सारखं, असं धरून चालू नये. प्लगची तोंडं, हाय-प्रेशर पंपाचा पार्ट नंबर, क्रँक सेन्सरचं चक्र, फ्लायव्हीलची भोकं, सगळं शेजारी ठेवून जुळवलं. जुळलं. एक जुळलं नाही.

टर्बोचा प्रश्न

दुसरं इंजिन दोन वर्षांनी नवं होतं. त्या काळात उत्पादकाने टर्बोचा वेस्टगेट (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप) चालवायला विजेची मोटर दिली होती. आपल्या गाडीत तो हवेच्या दाबावर चालणाऱ्या डब्याने चालतो. आपल्या ईसीयूत (इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरमध्ये) त्या मोटरसाठी वायरही नाही, प्रोग्रामही नाही. ईसीयू बदलावा तर इमोबिलायझर, चावी, मीटर सगळं त्याला बांधलेलं. आणि फक्त डबा हलवून लावावा तर ब्रॅकेट, दांडा आणि हाऊसिंगच वेगळं. म्हणजे दुसऱ्या इंजिनाचा चांगला टर्बो वापरता येणार नव्हता.

मग जुन्याच इंजिनाचा टर्बो काढून नव्यावर बसवावा, हा सगळ्यात सोपा विचार. "तो तर शेवटपर्यंत व्यवस्थित ओढत होता," हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. शिट्टी नव्हती, धूर नव्हता. दांडा बोटांनी हलवून बघितला तर पाती हाऊसिंगला लागत नव्हती. डायल गेज लावून पुढे-मागे होणारी हालचाल मोजली, तीही मर्यादेत. एवढ्यावर अनेक जण टर्बोला पास करतात.

आम्ही कार्ट्रिज, म्हणजे दांडा आणि बेअरिंगं असलेला टर्बोचा मधला गाभा, उघडलं. दांड्याच्या दोन्ही बुशांवर गोलाकार चरे, आणि मऊ धातूत रुतलेले चंदेरी कण. थ्रस्ट बेअरिंगवरही तेच. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरतो आणि तो धातूला न टेकता तेलाच्या फिल्मवर तरंगतो. त्या फिल्मच्या जाडीपेक्षा मोठा कण गेला की चरा पडतो, तेल निसटतं, दांडा डगमगतो. आज मर्यादेत असलेली फट अशा बुशांवर लवकर वाढते. पुढचा टप्पा म्हणजे दांडा तुटून पात्यांचे तुकडे इंटरकूलरमध्ये, म्हणजे टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या भागात. तेव्हा नवं इंजिनही धोक्यात.

बुश त्यांच्या हातात दिले. उघडे चरे बघितल्यावर फार समजवावं लागलं नाही. "ठीक आहे दादा, बदला." जुनी हाऊसिंग धुऊन, वेस्टगेटच्या बुशचा ढिलेपणा तपासून, त्यांत बॅलन्स केलेलं नवं कार्ट्रिज बसवलं आणि डब्याच्या दांड्याचा ताण गेज लावून ठरावीक दाबावर जुळवला. तो ताण चुकला की बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कमी किंवा जास्त येतो आणि मग दोष नव्या इंजिनाला दिला जातो.

टर्बोला तेल नेणारी नळी आणि परत आणणारी नळी, दोन्ही नव्या. परतीची नळी कापून बघितली तर कोळशाने आतला मार्ग जवळपास निम्मा राहिलेला. या नळीत पंप नसतो, तेल फक्त उतारावरून खाली येतं. ती कोंडली की टर्बोत तेल साठतं आणि सीलमधून एक्झॉस्टमध्ये किंवा इनटेकमध्ये घुसतं. लोक म्हणतात टर्बो धूर सोडतोय, आणि टर्बो बदलूनही धूर चालूच राहतो. नळी न बदलता टर्बो बसवला तर अनेक पुरवठादार हमीच देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. तेल नेणाऱ्या नळीच्या बोल्टमध्ये बारीक जाळी होती, तीही कणांनी भरलेली.

तेलाने शिवलेलं बाकी सगळं

याच नियमाने ऑइल कूलर गेला. त्यात पातळ पत्र्यांच्या मधून तेल फिरतं आणि कोपऱ्यांत कण बसून राहतात. कितीही सॉल्व्हंट मारलं तरी ते पूर्ण निघाले याची खात्री देता येत नाही. काही तासांनी गरम तेलाबरोबर एखादा कण सुटतो आणि थेट नव्या बेअरिंगकडे जातो, कारण काही इंजिनांत कूलर फिल्टरनंतर येतो. जुन्या इंजिनावरून फिल्टरचं घर, दाबाचा स्विच, कॅम फेजरचे सोलेनॉइड यांतलं काहीही हलवलं नाही.

इंटरकूलरमध्ये शंभर-सव्वाशे मिलिलिटर तेल निघालं, धातू नाही. धातू असता तर तोही फेकला असता. धुऊन, पूर्ण सुकवून वापरला. इंटरकूलरमधलं तेल हवेबरोबर सिलिंडरमध्ये गेलं तर मिश्रणाची नॉक (अवेळी, झटक्याने जळणं) रोखण्याची ताकद घटते, म्हणून हे काम टाळण्यासारखं नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरआधीचा दाब मोजला, अडथळा नव्हता.

इंजिन काढण्या-घालण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, ते नेहमीचंच. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र खालून काढले. एसीचा कॉम्प्रेसर नळ्या न उघडता बाजूला बांधून ठेवला. हाय-प्रेशर इंधन नळीतला दाब आधी उतरवला, तिथे दीड-दोनशे बार असतात आणि तो फवारा कातडीत घुसतो. ती नळी परत बसवताना नवी लावली. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदललं. ड्युअल-मास फ्लायव्हीलचा ढिलेपणा मोजून ते ठेवलं.

पहिल्यांदा सुरू करताना

कार्ट्रिजमध्ये हाताने तेल ओतून दांडा फिरवला. इंधन पंपाचा फ्यूज काढला, इंजेक्टरांचे प्लग काढले, मेकॅनिकल गेज जोडलं आणि स्टार्टर थोडा थोडा, मधे विश्रांती देत, फिरवला. गेजवर स्थिर दाब दिसेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही, हा नियम आम्ही पाळतो. पाणी व्हॅक्यूमने भरलं, म्हणजे हेडमध्ये हवेचा फुगा राहत नाही.

तेल एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या एसपी दर्जाचं, उत्पादकाने सांगितलेल्या ग्रेडचं. लहान टर्बो डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत कमी आरपीएमवर जास्त लोड दिला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याची घटना घडते आणि तिच्या एका झटक्याने पिस्टनचा रिंगांमधला कडा तुटू शकतो. तेलातल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटचा तिच्याशी संबंध आढळल्यावर २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हे दर्जे आले. एसपीमध्ये चेनच्या झिजेचीही चाचणी आहे. या इंजिनासाठी दोन्ही गोष्टी कामाच्या. चालवण्याच्या बाबतीत त्यांना एकच सांगितलं: "ताई, सहाव्या गिअरमध्ये पंधराशे आरपीएमला पाय दाबू नका, आधी गिअर उतरवा."

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. तापल्यावर आयडलला १.४ बार, दोन हजार आरपीएमला २.८. कुठे गळती नाही. पण स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली वाढ-घट) आयडलला अधिक १७ टक्के, आणि अडीच हजार आरपीएमला अधिक ४. ईसीयू आयडलला बरंच जास्तीचं पेट्रोल ओतत होता. ट्रिम लोड वाढल्यावर वाढली असती तर इंधन कमी पोचतंय असा संशय घेतला असता. आयडलला जास्त आणि वर कमी, म्हणजे मोजमाप न झालेली हवा कुठूनतरी आत येतेय. आयडलला तिचा वाटा मोठा असतो, वर नगण्य होतो.

स्मोक मशीन लावलं. धूर ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ इनटेककडे नेणाऱ्या) नळीच्या क्लिपजवळून आला. ही नळी दुसऱ्या इंजिनासोबतच आलेली, उष्णतेने कडक झालेलं प्लास्टिक, आणि बसवताना दाबल्यावर तडकलेली. नवी लावली, ट्रिम अधिक २ वर आली. हा दोष तसाच राहिला असता तर महिन्याभराने चेक इंजिनचा दिवा लागला असता आणि वापरलेलं इंजिन खराब निघालं असा निष्कर्ष निघाला असता.

रस्त्यावर मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट यांच्या रेघा एकमेकींवर बसल्या, नॉकमुळे ईसीयूने ठिणगी मागे घेतल्याच्या नोंदी किरकोळ. वापरलेल्या इंजिनाच्या रिंगा आधीच बसलेल्या असतात, म्हणून नव्या इंजिनासारखं रन-इन लागत नाही. पण पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर बदलायचाच, आणि जुना फिल्टर कापायचा. कापला, कागद स्वच्छ होता. तीन हजारांवर पुन्हा कापला, तेव्हाही.

इंजिनाचा नंबर बदलल्याने नोंदणीच्या कागदांत आणि विम्यात तो बदलून घ्यायला त्यांना कागदपत्रं दिली. अनेक देशांत हे बंधनकारक असतं आणि विकताना तेच पहिल्यांदा बघितलं जातं. तेल बदलण्याचं अंतर उत्पादकाच्या लांबवलेल्या आकड्याऐवजी आठ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असं ठरलं. चेंबरखाली संरक्षक पत्रा बसवला. कॅम कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात तेलाचा हलका ओलावा दिसतो, थेंब पडत नाही. पुढच्या सर्व्हिसला तो वाढलेला असेल तर गॅस्केट बदलायचं, असं जॉब कार्डावर लिहून ठेवलं आहे.